माझा मोडलेला गुरुवार

मौन पाळणारा माणूस खोटं बोलू शकत नाही, असं मला चौदा वर्षं वाटत होतं. आश्रमात आल्यापासून दर गुरुवारी मी मौन पाळायचो आणि खरं सांगायचं तर त्याचा मला चांगलाच ताठा होता. बाहेरगावचे भक्त माझ्याकडे बघून कुजबुजायचे, तेव्हा मी मान खाली घालून मनातल्या मनात खूश व्हायचो. त्या मौनाची जी शोभा झाली, ती इथे लिहितो. लिहिताना आजही लाज वाटते.

आमचा आश्रम गडचिरोलीपासून बसने दोन तासांवर, जंगलात. मी तिथली कोठी सांभाळायचो आणि समितीची पत्रं लिहायचो. स्वयंपाकघर गिरजाबाईकडे होतं. नवरा गेल्यावर ती दर्शनाला म्हणून आली आणि सोळा वर्षं तिथेच राहिली. पहाटे चारला चूल पेटवायची, पंगतीवर पंगती उठवायची आणि कोठीमागच्या खोलीत निजायची. पगारबिगार काही नव्हता, दोन वेळचं जेवण आणि अंगावरची लुगडी. गावचं घर दिराने कधीच पाडून टाकलं होतं, त्यामुळे ती खोली सोडून जगात तिला दुसरं दार नव्हतं. आणि गुरुवारी माझी जीभ तीच असायची. मी अंगठा बोटावर चोळला, की ती पंगतीत ओरडायची, "भाऊले मीठ द्या रे!" मी हात जोडून वर पाहिलं, की तिला कळायचं, भाऊंना या भानगडीत पडायचं नाही.

मग नवी समिती आली. तिने स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं आणि जुन्या पाच सेवेकऱ्यांना काढायचं ठरवलं. पण आश्रमात 'काढलं' असं कसं म्हणणार? म्हणून 'सेवापूर्ती सोहळा' केला. पाचही जणांना शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजल्या. निमंत्रण माझ्याच अक्षरातलं होतं. गिरजाबाईला बिचारीला वाटलं, आपला सत्कार झाला! दुसऱ्या दिवशी पहाटे तीच शाल पांघरून ती चूल पेटवायला गेली. ठेकेदाराच्या माणसांनी तिला बाहेर काढलं आणि आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. ती माझ्याकडे आली. "भाऊ, शाल देल्ली ना मले? मंग आता काऊन हाकलून राह्यले?" मी म्हटलं, "बघू, अध्यक्षांशी बोलतो." बोललो मात्र नाही.

त्या पाचांतल्या, गोठ्यात काम करणाऱ्या सेवेकऱ्याने सगळ्यांच्या नावाने कामगार कचेरीत अर्ज टाकला. त्याचा निकाल लागेपर्यंत गिरजाबाईची खोली तेवढी राहिली. तिथले साहेब चौकशीला यायचे होते. अध्यक्षांनी त्यांना गुरुवार सुचवला आणि मला म्हणाले, "कोठीचं सगळं तुम्हालाच विचारतील. तुमचं मौन आहे ते बरंच आहे." मला सगळं कळलं. पण न कळल्यासारखं केलं.

साहेबांनी सरळ मलाच विचारलं, "धान्य तुम्ही काढून देत होतात. ही बाई इथे रोज काम करायची की नाही?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. मौनात लेखणीही धरत नाही, अशी मी मान हलवली. मागच्याच गुरुवारी समितीची तीन पत्रं लिहिली होती मी! मग मी हात जोडले आणि वर पाहिलं. साहेब वैतागले. "काय म्हणतात हे?" सगळे सवयीने गिरजाबाईकडे बघू लागले. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, भाऊ म्हणतेत, सगळं देवाचं हाये. इथी कामगार कोणीच नाई, सगळे सेवकच हायेत." माझी लबाडी तिने स्वतःच्या तोंडाने, सोज्वळ शब्दांत साहेबांना सांगितली. साहेबांनी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी गडचिरोलीला शेवटची तारीख. सकाळी अकरापर्यंत गिरजाबाई साक्षीदार घेऊन आली नाही तर अर्ज निकाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे जाऊन नुसताच उभा राहिलो. तीच मला म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. माह्यापायी तुमचं मौन मोडलं असतं तर मले पाप लागलं असतं." त्या दिवशी जेवण गेलं नाही. देवासमोर बसलो, पण काय मागावं ते कळेना. शेवटी एवढंच म्हटलं, देवा, माझ्यात हिंमत नाही, आता तूच काय ते कर.

तारीखही गुरुवारीच आली. समितीचं लेखी उत्तर घेऊन मलाच पाठवलं. मुका माणूस कोणाला नको असतो? बसमध्ये मी पुढे, गिरजाबाई मागे, एकटीच. बाकीचे चौघे पोट भरायला आपापल्या गावी गेले होते आणि तिला साक्षीदार मिळाला नव्हता. अर्ध्या वाटेत, भर जंगलात, बस बंद पडली. दुसरी बस दुपारी. गिरजाबाई खालच्या नाल्यावर पाणी प्यायला गेली, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? बरं झालं. ती पोचणार नाही, मला काही करावं लागणार नाही. देवाने सोडवलं, असंसुद्धा वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. बाजाराला निघालेला कापडवाला, दाढीवाला, वयस्क मुसलमान. बाकीचे प्रवासी सावलीत पांगले होते, त्याने मलाच विचारलं, "कोणाले घाई हाये का? समोर एकाची जागा हाये." मी सवयीने हात जोडले आणि वर पाहिलं. तो हसला. "मले हातवारे नाई समजत, भाऊ. बोला ना तोंडानं. खुदाने जबान दी है." मी वळून पाहिलं. अर्थ सांगायला गिरजाबाई तिथे नव्हती.

"एक बाई आहे," मी म्हणालो. चौदा वर्षांत गुरुवारी उच्चारलेले माझे पहिले शब्द! "तिची तारीख आहे. आणि मी तिचा साक्षीदार आहे. मी मागे गठ्ठ्यांवर बसतो." नाल्यावरून वर येणाऱ्या गिरजाबाईने ते ऐकलं आणि तिथेच रडायला लागली. "अरे देवा, भाऊ, आज गुरुवार हाये ना!"

अकराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही कचेरीत पोचलो. मी सगळं सांगितलं: पहाटेची चूल, सोळा वर्षं, शाल-श्रीफळ, माझी खोटी खूण. समितीचं उत्तर खिशातच राहिलं. तो कापडवाला पुन्हा कधी भेटला नाही. बाजाराच्या दिवशी कापडवाले त्या रस्त्याने जातात, त्यात चमत्कार काय, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी फक्त दोघांनाही हात जोडतो, त्यालाही आणि ज्याने त्याला थांबवलं त्यालाही.

काही महिन्यांनी समितीला पाचही जणांना परत घ्यावं लागलं, पगारावर आणि आठवड्याच्या सुट्टीसह. गिरजाबाईची खोली तिच्याकडेच राहिली. माझी मात्र सेवापूर्ती झाली. शाल-श्रीफळ मलाही मिळालं. आता गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत राहतो. चौदा वर्षं तोंड बंद ठेवून मी त्याला समर्पण म्हणत होतो. समर्पण म्हणजे काय, ते टेम्पोत गठ्ठ्यांवर बसल्यावर थोडं कळलं. पुढे आपलं काय होईल, हे माझ्या हातात उरलं नव्हतं आणि फार हलकं वाटत होतं.

पण लाज संपलेली नाही. माझं व्रत तिच्यापायी मोडलं, असं गिरजाबाईने मनाला लावून घेतलं आणि तेव्हापासून गुरुवारचं मौन ती पाळते, माझ्या वाटचं! किती सांगितलं, ऐकत नाही. म्हणून मी दर गुरुवारी आश्रमात जातो आणि पंगतीत तिच्या बोटांचा अर्थ लोकांना सांगतो. परवाच्या गुरुवारी व्यवस्थापक तिला म्हणाले, "बाई, उद्या पाहुणे आहेत. सुट्टी राहू दे, येशील ना?" तिने हात जोडले आणि वर पाहिलं. "काय म्हणते ही?" त्यांनी मला विचारलं.

"ती म्हणते, उद्या तिची सुट्टी आहे," मी सांगितलं.

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.