शोभाताईंचा पेन ड्राइव्ह

रविवार, १८ जानेवारी. घरचा कॉम्प्युटर पार पुसून नव्याने विंडोज टाकायचं काम काढलं होतं. आमच्या वाशीममध्ये याला फॉरमॅट मारणं म्हणतात. दुपारची जेवणं आटोपली आणि बसले.

जे सांगणार आहे, ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग आता का? त्या दुपारी पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली — या भागातली सगळी माहिती कायमची जाईल — एवढंच कारण सापडतं.

ही सूचना मी पहिल्यांदा वाचली त्याला बरीच वर्षं झाली. तोवर आम्ही सीपीयू पिशवीत घालून दुकानात न्यायचो. दुकानदार काम करायचा, मी शेजारी उभी राहून बघायची. त्याने बजावलं होतं : डिस्कच्या दोन भागांपैकी सी ड्राइव्ह पुसायचा, डीला हात लावायचा नाही. जपायच्या गोष्टी सगळे डीमध्येच ठेवतात.

मग एकदा मी घरीच करायला घेतलं. सी पुसला. पण डीसमोरही तसंच बटण होतं. तोही पुसला तर काय दिसेल? मला बघायचं होतं. आतलं सगळं काढून ठेवलंय का, हा प्रश्न मनात आला — आला नाही असं म्हणणार नाही. पण बघायची घाई मोठी होती. दाबलं बटण. सगळे भाग जाऊन एकच सलग रिकामी जागा उरली; मग तिचेच पुन्हा सी आणि डी पाडले. खरं सांगू? मजा वाटली.

एवढंच असतं तर ती चूक होती. चुका होतात.

शोभाताई माझी थोरली नणंद. रिसोडला असतात, शिवणकाम करतात. लेकीच्या लग्नात त्यांनी सासूबाईंचा एक फोटो काढला होता — डोक्यावर पदर, तोंडात विडा, कुणावर तरी हसताहेत. तो त्यांनी, मी डी पुसण्याच्या बऱ्याच आधी, पेन ड्राइव्हवर आणून आमच्या डीमध्ये ठेवला. इथे नीट राहील म्हणाल्या. पुढे त्यांचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामासाठी रिकामा झाला, मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला, आणि फोटो फक्त आमच्याकडे उरला.

डी पुसला त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाई गेल्या. तेरवीच्या आधी फ्रेमसाठी तो फोटो हवा होता. सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. डी उघडला तर त्यात काहीच नाही. नवऱ्याने विचारलं, असं कसं झालं?

मी म्हणाले, "ताईच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला असन."

कुठून आलं हे वाक्य? मला वाटायचं, खोटं बोलायला आधी तयारी लागते. नाही लागत. तयार असल्यासारखं ते तोंडात आलं, याचं मला अजून नवल वाटतं. शोभाताई तिथेच होत्या. त्यांना त्यातलं कळत नव्हतं, आणि मला कळतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

फ्रेमसाठी मग आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. आधार काढताना कान दिसावेत म्हणून सासूबाईंना डोक्यावरचा पदर काढायला लावला होता. जन्मभर ज्यांचा पदर घरच्यांसमोरही ढळला नाही, त्या बैठकीच्या भिंतीवर बोडक्या डोक्याने आहेत. शोभाताई आल्या की त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. ते मी पाहत आले आहे — आणि चहा देत आले आहे.

त्या रविवारी मी डीमधलं सगळं आधी एका पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं, उघडून तपासलं, मगच डी पुसायला घेतला. नवरा मागून जाताना म्हणाला, "शोभाताईचा तं नाही ना तो पेन ड्राइव्ह?" हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. कुणीही पेन ड्राइव्ह आणला की कुणीतरी म्हणतंच, कधी कधी ताईंच्या तोंडावर. मी हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं, हसायला मला काहीच जड गेलं नव्हतं. कधीपासून जात नव्हतं? आठवून पाहिलं. आठवेना.

सोमवारी सकाळी रिसोडची एसटी धरली. शोभाताई मशीनवर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं — डी मी पुसला, व्हायरस नव्हता, तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये काही नव्हतं.

मशीन थांबलं.

"मंग आईचा फोटू मायाकडून नाही गेला?"

नाही, म्हटलं.

"अन् तुले हे तवाच मालूम होतं?"

होतं, म्हटलं.

त्यांनी सुईखालचं कापड काढलं, घडी घातली आणि आत गेल्या. मी थांबले. त्या बाहेर आल्या नाहीत. मग स्टँडवर येऊन मी नवऱ्याला फोन लावला, आणि त्यालाही त्याच शब्दांत सांगितलं.