देशमुखांच्या छत्रीतली भर दुपारची घंटा

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे त्या दुपारी मला सांगता आलं नसतं. राग मात्र डोक्यात मावत नव्हता. सातासमुद्रापार कुठे लढाई पेटली म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. गावात एक गाडी मोकळी मिळेना. आईला माझ्या बहिणीकडे अमरावतीला न्यायचं, तर कापसाच्याच गाडीवर बसवावं लागलं. तिला माणसं ओळखू येत नव्हती, मीसुद्धा नाही.

वाटेत देशमुखांच्या समाधीजवळच्या विहिरीवर गाड्या पाण्याला थांबल्या. बैलांना पाणी पाजून वळतो, तर गाडीवर आई नाही! विहिरीला कठडा नव्हता, म्हणून आधी तिच्यातच डोकावलो. मग घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, एकेका गाडीवानाचे पाय धरले. "भाव उतरून जाईन भाऊ," म्हणत सगळे हरामखोर आपापले बैल हाकत निघून गेले. आमचा गाडीवानही!

समाधी म्हणजे मोठी दगडी छत्री. चार पिढ्यांचे देशमुख तिथे विसावलेले, मधोमध महादेवाची पिंड, वर पितळी घंटा. आत पाहतो तर पिंडीपर्यंत कापसाच्या गठड्या रचलेल्या! रखवालदार खेकसला, "पाय नोको देऊ, मालकाचा माल हाये!"

"अन् माही माय हारपली, थे कोनाचा माल हाये?"

मग मी महादेवाकडे वळलो. "अन् तू कापसात लपून बसला काय? तुले डोये हायेत का नाई? माही माय दे!" नमस्कार नाही, मंत्र नाही, शिव्या देत देत घंटा बडवली. रखवालदार माझा दंड धरून ओढत होता, तरी बडवली.

बाजूच्या तुरीतून आवाज आला, "भर दुपारी कोन आरती करून राह्यलं रे? अक्कल हाये का नाई?"

आई! डोक्यावर नीट पदर घेऊन, तरातरा. माझ्या हाका तिच्या लेखी परक्याच्या होत्या. घंटा वाजली की देवळाकडे निघायचं, एवढंच तिच्यात शाबूत राहिलं होतं.

चमत्कार वगैरे मला सांगता येत नाही. त्या गाडीवानांवरचा राग अजून गेलेला नाही. पण देवाकडे शांत मनानेच जावं, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. माझ्याकडे रागच होता. त्याने तोच घेतला.

मी आईच्या पायांवर पडलो, तेव्हा ती म्हणाली, "रडू नोको बाप्पा. कोनाचा हायेस तू?"

"तुहाच."

"बरं," म्हणाली आणि तिने माझा हात धरला. तिची आठवण परत दे, असं महादेवाकडे मागायचं ओठांवर आलं होतं, मागितलं नाही. तेवढं 'बरं' मला आजवर पुरलं आहे.