हँगरमधला पाहुणा

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं ते हँगर मला लहानपणी ठाऊक होतं ते तेंदूपानांच्या वासामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करानं तिथं धावपट्टी केली आणि विमानं ठेवायला लोखंडी कमानींवर पत्रे चढवले. युद्ध संपलं, विमानं गेली, पत्रे राहिले. मग ठेकेदारांनी तिथं तेंदूच्या पोत्यांच्या थप्प्या लावल्या. माझे वडील त्या गोदामात मुन्शी होते. उन्हाळ्यात मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि घरी परतल्यावरही केसांना तो कडसर, वाळका वास येत राहायचा. पुढे तिथं धान आलं, धानाबरोबर घुशी आल्या आणि मग कित्येक वर्षं दाराला फक्त कुलूप होतं. त्याला हँगर कोणीच म्हणत नसे. टिनाचं गोदाम म्हणत.

तिथं विमानांचं संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा मी नोकरी करते त्या सरकारी कार्यालयातून समितीवर माझं नाव गेलं. मी कामांच्या याद्या करते आणि त्या संपवते, एवढंच कारण. पत्रे बदलले, वटवाघळं हुसकली, फरशी घातली, पाण्याची सोय केली. सेवेतून काढलेलं एक प्रशिक्षण विमान ट्रेलरवरून आलं, त्याचे पंख वेगळ्या ट्रकमधून. उद्घाटनाला थोडे दिवस उरले तेव्हा लक्षात आलं की इथल्या भागातलं असं काहीच आपल्याकडे नाही.

आमच्या जीपचा ड्रायव्हर अहेरीकडचा. तो म्हणाला, आलापल्लीच्या पुढे जंगलात युद्धाच्या वेळी एक विमान पडलं होतं. त्याच्या पंख्याचं एक पातं अजून एका गोंड कुटुंबाच्या शेतात उभं आहे. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

शेताच्या कडेला मोहाचं झाड होतं आणि झाडाखाली पातं जमिनीत पुरून उभं केलेलं. टोक थोडं वाकलेलं. त्याच्या बाजूला घरच्या मेलेल्या माणसांचे दगड, उंच-बुटके, एका ओळीत. पात्याच्या पायथ्याशी पानाचा दोना आणि विझलेली विडी.

घरात म्हातारी होती आणि तिचा मुलगा. म्हातारीनंच सगळं सांगितलं. विमान पडलं तेव्हा तिचा सासरा तरणा होता. धूर पाहून धावत गेला. विमानातला माणूस सापडला नाही, लोखंड सापडलं. त्यानं हे पातं बैलांनी ओढत आणलं आणि आपल्या माणसांच्या दगडांशेजारी उभं केलं.

"आमच्या रानात मेला, मंग जाईन कुठी?" म्हातारी म्हणाली. "त्याचे लोक येतपर्यंत तो आमचा पाहुणा. नवा तांदूळ पहिले त्याले, मंग आमाले." मग तिनं मला विचारलं, "तू त्याच्या लोकाइकून आली का, पोरी?"

माझ्या पर्समध्ये संग्रहालयाचं माहितीपत्रक होतं. त्यातलं एक वाक्य मीच लिहिलं होतं आणि ते मला आवडायचं. तेच मी बोलले. "बाई, ते हँगर म्हणजे आकाशात गेलेल्या सगळ्यांचं हक्काचं घर आहे. तिथं त्यांचेच लोक आहेत."

म्हातारी मुलाशी गोंडीत बोलली. तो उठून शेजाऱ्यांना बोलवायला गेला. तिनं चूल पेटवली. मला सूर्य मावळायच्या आत परतायचं होतं आणि मी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी पळसाच्या पत्रावळीवर भात आणि लाखोळीचं वरण आलं. सगळे बसले होते, पण कोणी हात लावेना. "पहिले तू," म्हातारी म्हणाली. मला तो पाहुणचार वाटला. मी भराभर जेवले. मग बाकीचे जेवले. मग त्यांनी पातं उपटलं, हळद लावली आणि चौघांनी जीपमध्ये ठेवलं. म्हातारी रडत होती. इतक्या वर्षांची वस्तू, वाटणारच, असं माझ्या मनात आलं.

हँगरमध्ये आम्ही पात्याची हळद पुसली, त्याला गंज न चढण्याचा लेप दिला, लोखंडी स्टँडवर बोल्टनं आवळून उभं केलं. खाली पाटी: ‘युद्धकालीन विमानाचं पातं. ग्रामस्थांकडून सप्रेम भेट.’

उद्घाटनाला मी म्हातारीला आणि तिच्या मुलाला बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. ते अहेरीच्या बसनं आले, धुतलेले कपडे घालून. म्हातारीच्या हातात फडक्यात बांधलेला तांदूळ. मी शाली-श्रीफळांच्या गडबडीत होते. नजर वळली तेव्हा ती पात्याशेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला विचारत होती, "तुमी त्याचे कोन होय?"

ते सभ्य गृहस्थ. हसून म्हणाले, "कुणाचा कोण, आजी?"

तिनं दुसऱ्याला विचारलं. मग तिसऱ्याला. मी लगबगीनं जाऊन तिचा हात धरला. "बाई, इकडं बसा, चहा घ्या."

"त्याचे लोक कोनते यातले? दाखव ना."

मी चहाचा कप तिच्यापुढे धरला.

"म्याडम, कोनीच नाई होय ना?" मुलगा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी बाजूची माणसं वळली. "जेवून घेतलं अन् पाहुण्याले गोदामात आणून बांधलं. वरून बोल्ट मारले. पळून जाते का तो?"

कोणीतरी हसलं. त्याचा विनोद कळून हसलं असेल.

मी त्यांना कोपऱ्यात नेलं आणि म्हटलं, पातं परत देता येईल. समितीची मंजुरी लागेल, वस्तू नोंदवलेली आहे, पण मी मागे लागते, गाडीही देते. मी हे फार व्यवस्थित बोलले. म्हातारीनं मान हलवली.

"वापस कशी नेऊ? निरोपाचं जेवण झालं. जो पहिले जेवते तो त्याले नेते, अशी आमची रीत. तू जेवली. आता तो तुझा." तिनं तांदळाचं फडकं पुन्हा आवळून काखेत घेतलं. "मी समजली, तुले मालूम हाये."

ती चहा न घेता गेली.

त्यानंतर धान निघालं. मूलच्या बाजारात नवा तांदूळ आला आणि मी तो घेतला. का घेतला ते घरी कोणाला सांगितलं नाही. भात आणि वरण करून डब्यात भरलं, पत्रावळी घेतल्या आणि दुपारी हँगरमध्ये गेले. पात्यासमोर एक कुटुंब फोटो काढत होतं. मी डबा पर्समध्ये ढकलला आणि माहितीफलक तपासत असल्यासारखी फिरले. ते गेले, दुसरे आले. शेवटी मी बाहेर मागच्या भिंतीशी गेले, जिथं पूर्वी तेंदूच्या गाड्या उभ्या राहायच्या. तिथं जमिनीवर पत्रावळ ठेवली, भात वाढला आणि चोरासारखी निघाले.

गेटपर्यंत पोचले आणि पाय निघेना. म्हातारीच्या मुलाला फोन लावला. विचारलं, "भाऊ, मी भात ठेवला. बरोबर झालं का?"

तो म्हणाला, "कुठी ठेवला?"

"बाहेर. भिंतीजवळ."

"काऊन? आत जागा नाई का?"

"लोक होते."

पलीकडे तो आईशी गोंडीत बोलला. मग म्हातारीचा आवाज आला. "पोरी, पाहुण्याले लोकाइच्या लाजेनं बाहेर जेवू घालते का कोनी?"

"नाही, बाई."

"मंग आत वाढ. अन् तो जेवेपर्यंत बसजो. एकटा जेवत नाई तो."

डब्यात अजून भात होता. मी आत गेले. एका शाळेची सहल आली होती, शिक्षक मुलांना विमानाचे भाग सांगत होते. मी स्टँडजवळच्या दोरीखालून वाकून पलीकडे गेले, पत्रावळ मांडली, भातावर वरण घातलं आणि साडी सावरून फरशीवर बसले. शिक्षक बोलता बोलता थांबले. चौकीदार धावत आला. मला ओळखून तिथंच अडखळला आणि हळूच म्हणाला, "म्याडम, इथी खायले मनाई हाये."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पाहुणा जेवतोय."

चौकीदाराकडे मला बघवेना. पात्याकडेही नाही. पाहुणा किती वेळात जेवतो ते विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून नुसती बसून राहिले.