अर्ध्या गावाचा वाढदिवस

"आज काय काय झालं होतं, मालूम हाय का जी?"

शाळेच्या फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्या हे विचारायच्या. एका हातात ओला फडका, दुसऱ्या हातात खडू, पदर कमरेला खोचलेला आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पोरांना विचारायच्या, दूधवाल्याला विचारायच्या, पोस्टमनला विचारायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारलं. साहेब गडबडले.

"आज? आज तपासणी आहे ना?"

"ते तर हायच जी. तेच्या आधी काय झालं होतं?"

 मग त्यांना फलकासमोर उभं करून सगळं वाचून दाखवण्यात आलं.

तुम्हीही शाळेत असा फलक पाहिला असेल. वर सुविचार, खाली दिनविशेष. बहुतेक शाळांमध्ये जूनमध्ये लिहिलेला दिनविशेष दिवाळीपर्यंत हलत नाही. आमच्याकडचा रोज बदलायचा, आणि फलक फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यासमोर असल्यामुळे गाडीची वाट पाहणारं सगळं गाव तो वाचायचं.

मी गणित शिकवायला त्या शाळेत लागलो तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा आसगावच्या पुढं, रस्त्याच्या कडेला. गावाचं नाव सांगत नाही, कारण संस्थेचे अध्यक्षसाहेब अजून ठणठणीत आहेत. हे विचारणाऱ्या बाई शाळेच्या ग्रंथपाल. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पुस्तकांची कपाटं दोन, आणि लिपिकाची जागा रिकामी असल्यामुळे पोरांच्या जन्मतारखांचं दाखल-खारीज रजिस्टरही त्यांच्याच ताब्यात.

फलकावर त्या आधी जगाचं लिहायच्या. मग देशाचं. सगळ्यात खाली एक ओळ गावाची. माणूस चंद्रावर उतरला त्या तारखेखाली 'गावात पहिली एसटी आली' अशी ओळ असायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, चंद्राखाली एसटी शोभते का?"

"तारखेत लय जागा रायते, सर," त्या म्हणाल्या. "थोडं सरकलं का आनखी एक जन बसते."

एक मे आला. झेंडावंदनाला सगळे जमले. फलकावर ओळी होत्या: महाराष्ट्र राज्य झालं. कामगार दिन. आपला जिल्हा अर्धा झाला. हेडमास्तर कासावीस झाले.

"अहो, अर्धा झाला काय? गोंदिया जिल्ह्याची निर्मिती, असं लिहा."

"तसं गोंदियात लिहितीन ना जी. इकडून आमाले अर्धाच दिसते."

ती ओळ दिवसभर तशीच राहिली.

खरा गोंधळ झाला तो एक जुलैला. अध्यक्षसाहेबांना पन्नाशी ओलांडल्यावर वाढदिवसाची हौस सुटली होती. हेडमास्तरांकरवी निरोप आला: साहेबांचा जन्म एक जुलैचा, फलकावर ठळक अक्षरात घ्या. पवनीहून केक येणार होता. मॅडमनी निरोप शांतपणे ऐकला, "घेतो ना," म्हणाल्या, आणि कपाटातून जुनी रजिस्टरं काढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरलो तर फलकासमोर ही गर्दी. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'आजच्या दिवशी जन्मलेले.' एक नंबरला माननीय अध्यक्षसाहेब. दोन नंबरला न्हावी. तीनला तलावाचा राखणदार. मग चहावाला, दोन माजी सरपंच, शाळेचा शिपाई, स्वतः हेडमास्तर. फलक संपला तशी यादी फाटकाच्या खांबावर गेली होती, तिथून कुंपणाच्या भिंतीवर. शेवटचं नाव मॅडमचं स्वतःचं.

यात खोटं काहीच नव्हतं. जुन्या काळी गावात एक गुरुजी होते. बाप पोराला घेऊन यायचा. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. हात कानाला लागला, की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, धान निसवले होते तवा. गुरुजींच्या रजिस्टरात 'धान निसवले होते' असा रकाना नव्हता. ते लिहायचे, एक जुलै. असं करत करत त्यांनी अर्ध्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

दुपारी साहेब केकवर सुरी टेकवून उभे, तोच फाटकातून माणसं यायला लागली. न्हावी धुतलेला शर्ट घालून आला होता. राखणदार सून-नातवंडांसह आला. "आमचाही वाढदिवस हाय म्हन्ते आज," असं म्हणून सगळे केकच्या भोवती शिस्तीत उभे राहिले. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. केकचे तुकडे करता करता शेवटी नखाएवढे झाले. साहेबांच्या स्वतःच्या वाट्याला पुठ्ठ्याला चिकटलेलं क्रीम आलं.

"माझी थट्टा केली तुमी," ते लाल होऊन म्हणाले.

"रजिस्टर पाहा ना जी. एक नाव मनाचं नाही टाकलं मी."

त्याच संध्याकाळी फलक बंद करण्याचा आदेश निघाला आणि मॅडमकडून लेखी खुलासा मागवला गेला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता यांची नोकरी जाते. खुलासा एका ओळीचा होता: 'सदर इसम सदर दिवशी जन्मल्याची नोंद शाळेच्याच रजिस्टरात असून त्यावर शाळेचाच शिक्का आहे.' हेडमास्तरांनी तो कागद तीनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

दोन महिने फलक कोरा राहिला. पण मॅडम रोज सकाळी फाटकाशी उभ्याच. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळा दिनविशेष तोंडी सांगायच्या. मी म्हटलं, "मॅडम, आदेश आहे ना?"

"लिहाले मना केलं, सर. बोलाले कोनी मना केलं?"

गावातली गोष्ट फिरत फिरत अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईपर्यंत पोचली. एका सकाळी ती काठी टेकत शाळेत आली आणि वाचनालयाच्या दारातच बसली.

"कोन म्हन्ते माझा पोरगा एक जुलैले झाला? एक जुलैले मी धानाच्या बांधीत होती, गुडघाभर चिखलात. हा पोटातच होता. हा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. मी कळा देऊन राहिली होती अन् गल्लीत पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर पैशाचा बोजारा मागत होते."

"कोनत्या सालचा पोळा, आजी?"

"थोरला जवाई पयल्यांदा सनाले आला होता त्या सालचा," आजीनं सांगितलं आणि वर खुलासा केला, "माझ्या मोठ्या पोरीचा नवरा जी!"

मॅडमनी आजीला चहा दिला. जावयाच्या लग्नाचं साल शोधलं. मग दुसऱ्या कपाटातली जुनी पंचांगं काढली. एका जोशांच्या घरून ती रद्दीऐवजी शाळेत आली होती. दोन दिवसांनी तारीख निघाली, सप्टेंबरातली. ती त्यांनी चिठ्ठीवर लिहून साहेबांना पाठवली. फलकावर नाही. कोणाला सांगितलंही नाही.

त्या तारखेला शाळा सुटल्यावर साहेब एकटेच आले. हातात पेढ्यांचा पुडा. बराच वेळ कपाटातली पुस्तकं पाहिल्यासारखं करत राहिले.

"मायनं आज ओवाळलं मले," ते म्हणाले. "एक जुलैले कधी ओवाळत नव्हती. मले वाटे, इसरून जाते."

मॅडमनी पुडा उघडला. पेढा घेतला.

"फलक चालू करा उद्यापासून," साहेब दाराशी जाऊन म्हणाले. मग परत वळले. "पन एक जुलैचाही राहू द्या बरं का. कार्यकर्त्यायले सवय झाली आता."

यानंतर वाचनालयात पुस्तकांपेक्षा तारखा न्यायला जास्त लोक यायला लागले. विशेष करून बायका. थांब्यावर वांगी विकणारी एक आजी होती. टोपली बाहेर ठेवून आत आली. "माझी काढा ना जी तारीख. तलाव फुटला तेच्या दुसऱ्या दिवशी झाली मी, असं माझी माय सांगे." मॅडमनी तीन गावच्या म्हाताऱ्यांना विचारलं, तलाव फुटल्याचं साल पक्कं केलं, आणि ऑगस्टातली एक तारीख आजीच्या हातावर ठेवली. आजीनं ती पाठ केली. पुढचे आठ दिवस ती येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला सांगत होती.

"सत्तर वर्सं बिना तारखेची जगली मी," ती मला म्हणाली. तिला आता कसं वाटतं, हे विचारावं लागलं नाही.

एकदा मी विचारलं, "मॅडम, तुमची खरी तारीख कोणती?"

"एक जुलै."

"ती गुरुजींची. तुमची?"

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माय सांगे, तुझा बाप नागपुराले दीक्षा घ्याले गेला होता, तवा तू झाली."

म्हणजे छप्पन सालचा ऑक्टोबर. चौदा तारीख. मी म्हटलं, "मग चौदाच असेल की!"

"असंल. नाहीतर बारा असंल. पंधरा असंल. बाप आठवडाभर घराबाहेर होता."

"कोणाला विचारलं नाही?"

"गावाबाहेरच्या टोलीवर एक आजोबा हायत. बापासंगच गेले होते. त्यायले ठाऊक असंल." खडूची पूड झटकत त्या पुढं म्हणाल्या, "दुनियेच्या तारखा काढतो मी सर, पन तिथं जायले पाय उचलत नाही. चौदा नाही निंगाली तर? विचारलं नाही तोपर्यंत चौदाच हाय ना."

मी गणिताचा माणूस. मला उत्तर न काढता ठेवलेलं उदाहरण सहन होत नाही. मी महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी एका रविवारी आम्ही टोलीवर गेलो. आजोबा अंगणात खाटेवर बसले होते. कमी ऐकू येत होतं, म्हणून मॅडमना आपला जन्म ओरडून विचारावा लागला. शेजारच्या चार घरांची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"तुझा बाप?" आजोबांना हसू आलं. "चौदाले दीक्षा घेतली. पंधराले भाषन आयकलं. सोळाच्या सकाळी निंगालो. थोडं ट्रकमंदी, बाकी पायदल. सतराच्या दिवस बुडता गावात आलो. तर तुमच्या घरी पाटा धुऊन ठेवला होता, तेच्यावर सुपारी, दिवा. तुझी पाचवी होती. बापानं उंबऱ्यातूनच सांगतलं, आता हे आपल्या घरी होनार नाही. तुझी आजी लय बोंबलली. मग त्यानं तुले उचललं अन् अंगनात आनून आमाले दाखवलं."

सतरा तारखेला पाचवा दिवस. मी बोटं मोजली. सतरा, सोळा, पंधरा, चौदा, तेरा. पुन्हा मोजली. तेराच.

मॅडम माझ्या बोटांकडे पाहत होत्या. मला ते शेवटचं बोट मिटून घ्यावंसं वाटलं.

"तेरा," मी म्हटलं.

"हाव." त्यांनी आजोबांच्या पायाला हात लावला आणि आम्ही निघालो. तलावाच्या पाळीवरून जाताना त्या एकदम हसायला लागल्या. "एक दिवस थांबता नाही आलं मले, सर! एकच दिवस!" हसता हसता डोळे पुसले. दहा पावलं गेल्या आणि मधोमध थांबल्या.

"सर. तेरा ऑक्टोबर. येवला!"

मला कळलं नाही.

"धर्म सोडनार म्हनून येवल्याले जाहीर केलं, तो दिवस! पस्तीस सालचा. दरवर्षी मीच लिहितो ना फलकावर!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बोलाच्या तारखेले मी झाली, अन् कराच्या तारखेले बाप तिकडं होता."

पाळीवर बसून त्यांनी हे मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिथून जाणाऱ्या एका गुराख्याला सांगितलं.

त्या वर्षी तेरा ऑक्टोबरला त्यांनी फलकावर येवल्याची घोषणा लिहिली आणि गावाच्या ओळीत तलावातल्या मासळीबद्दल काहीतरी लिहिलं. मी खडू घेऊन त्यांचा जन्म लिहिला. त्यांनी पुसला. मी पुन्हा लिहिला. तेवढ्यात वांगीवाल्या आजीनं फलकाखाली पाच वांगी मांडून ठेवली, आणि ती काही पुसता येईनात.

निवृत्ती मात्र रजिस्टराप्रमाणेच झाली, तीस जूनला. साडेतीन महिने आधी. हेडमास्तर ओशाळून म्हणाले, "मॅडम, खरी तारीख आम्हाला माहीत आहे, पण नियमात..."

"मालूम हाय जी. गुरुजीनं लिहिलं, म्हनून तर शाळेत आली मी. नाहीतर बाहेरच राहिली असती."

निरोपाचं भाषण अध्यक्षसाहेबांनी केलं. दुसऱ्या दिवशी एक जुलै होता, तरी त्यांनी केक आणवला नाही.

मॅडम जवाहरनगरला लेकीकडे राहायला गेल्या. जावई तिथल्या फॅक्टरीत कामाला. पुढच्या तेरा ऑक्टोबरला मी आणि वांगीवाली आजी केक घेऊन, न कळवता, तिथं गेलो. क्वार्टरला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, सगळे सकाळीच नागपूरला दीक्षाभूमीला गेले. बहुतेक लोक दसऱ्याला जातात, पण मॅडम चौदा तारखेसाठी आदल्या दिवशीच जायच्या. तिथी दरवर्षी फिरते, तारीख जागेवर रायते, असं म्हणायच्या.

मी वैतागलो. आजी पायरीवर बसली, केकचा डबा उघडला, एक मोठा तुकडा शेजारणीला दिला, एक मला दिला, एक स्वतः घेतला. "तिचा वाढदिवस हाय तर झालाच पाहिजे," ती म्हणाली. "ती असो का नसो."

मग आम्ही मोठ्या रस्त्यावर येऊन परतीच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो. दिवस कलला होता. फॅक्टरीच्या बसगाड्या कामगारांना सोडत होत्या. भंडाऱ्याकडून नागपूरकडे मधूनच एखादी निळ्या झेंड्याची गाडी जायची. आजी हात वर करून हलवायची.

"आजी, त्या सकाळीच गेल्या. या गाडीत नसतील."

"तुमाले काय मालूम? मागं राहिली असंल."

आणखी एक गाडी गेली. तिलाही आजीनं हात केला. त्यातल्या अनोळखी बायकांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवले. मग एक सिमेंटचा ट्रक आला. आजीनं त्यालाही हात केला.