खळ्यावरची शाळा

सातासमुद्रापलीकडून मी वेल्ह्याला धर्मप्रसाराला आणि शिकवायला आले, तेव्हा शाळेला जागा नव्हती. मळणी आटोपल्यावर एका शेतकऱ्यानं आपलं सारवलेलं खळं दिलं. पहिल्याच दिवशी मी बुटांसकट आत निघाले, तशी त्याची आई कडाडली, "मडमबाई, पायताण काढा! हितं लक्षुमी येती."

"आमच्या चर्चमध्येसुद्धा कुणी बूट काढत नाही," मी ठणकावलं. म्हातारी हलेना. शिकायला आलेल्या पोरीही तिच्यामागंच उभ्या राहिल्या. शेवटी फणफणत मीच नाड्या सोडल्या.

तिथंच शाळा चांगली रुजली. पुढं मायदेशाहून आमचे बडे पाद्री ती बघायला आले. ते खळ्यात पाऊल टाकणार, तोच मी वाट अडवली.

"बूट काढा, साहेब. हितं लक्षुमी येती."