चित्रात कमी पडलेला चुना

प्रदर्शनातल्या त्या चित्रात म्हटलं तर काहीच नव्हतं. निळा रंग, त्यावर पांढुरके ओघळ आणि कोपऱ्यात एक तांबूस पट्टा. शेजारच्या चिठ्ठीवर नाव होतं, ‘संध्याकाळ’. इतकी वर्षं नाशिकमध्ये राहते, अशी संध्याकाळ काही मी पाहिलेली नाही. तरी पाय तिथून निघेनात, कारण मला त्या चित्रात वडिलांचा शर्ट दिसत होता.

सायखेड्याजवळ आमची द्राक्षबाग आहे. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून अण्णा वेलींवर फवारायचे आणि घरी यायचे ते असेच निळे-पांढरे होऊन. आई तो शर्ट वेगळा भिजवायची, तरी डाग जायचे नाहीत ते नाहीतच. अण्णा गेल्यावर मला त्यांचं पुष्कळ काही आठवलं, पण हा शर्ट कधीच आठवला नव्हता. आणि आता परक्या बाईच्या चित्रापुढे तो लख्ख आठवला! मला याचं मोठं नवल वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना न राहवून विचारलं, तुम्हाला काय दिसतं हो यात? “आमच्या शाळेची ओल आलेली भिंत,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा बघत राहिल्या. म्हणजे चित्र एकच. मी बागेत आणि त्या शाळेत. चित्र काढणारी बिचारी आपल्या संध्याकाळीत एकटीच.

तेव्हाच माझ्या मनात आलं की हे धाकट्या भावाला दाखवावं. बाग तोच बघतो. अण्णा गेल्यापासून त्याने त्यांचा विषय एकदाही काढलेला नाही. मी काढला तर पंप बघायला उठून जातो. त्याला त्यांची आठवण येते तरी का, हे मला कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच होता. त्यालाही तो शर्ट दिसला तर?

दुसऱ्या दिवशी तो कामासाठी शहरात आला, तेव्हा मी त्याला ओढतच नेलं. “मला चित्रातलं काय कळतंय, ताई?” म्हणून कुरकुरला, पण त्या चित्रापाशी थांबला. बराच वेळ बघत राहिला. मला आशा वाटू लागली.

“चुना कमी पडलाय,” तो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. चित्रकार बाई जवळच होत्या. त्यांनी कुतूहलाने विचारलं, “कशात?”

“फवारणीच्या पाण्यात. हा तांबडा पट्टा बघा ना. लोखंडी विळा घासून पाण्यात बुडवायचा. त्याच्यावर असा तांबूस रंग चढला, की चुना कमी हाय. तसंच फवारलं, तर पानं करपली समजा.”

बाईंना एवढी गंमत वाटली, की त्यांनी विळ्याबद्दल आणखी चार प्रश्न विचारले. मी मात्र हिरमुसले. बाहेर आल्या आल्या त्याला म्हटलं, “तुला अण्णांचा शर्ट नाही दिसला?”

“शर्ट घरी आल्यावर तू बघायची. मी बागेत त्यांच्याजवळ असायचो.” गाडीची किल्ली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “शेवटी शेवटी त्यांना विळ्यावरचा तांबडा दिसत नव्हता, ताई. नजर लय कमी झाली होती. विळा पार डोळ्यांपाशी न्यायचे आणि म्हणायचे, बरोबर झालंय. ते पाठमोरे झाले, की मी गुपचूप चुना टाकायचो.”

मी तेव्हा नाशिक रोडला माझ्या संसारात होते. यातलं काही मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, “त्यांना कधी कळलं का रे?”

“काय माहीत,” तो म्हणाला. “पण चुन्याची बादली माझ्या पायाशी आणून ठेवल्याशिवाय ते कधी पाठ फिरवायचे नाय.”