शिखरे पसरवणारे सर

आमच्या सरांना टोकदार काही खपत नसे. पेन्सिलीला टोक काढले की ते आधी रद्दी कागदावर घासून बोथट करत आणि मगच लिहायला घेत. रागावतसुद्धा इतके गोलगोल की बोलणी संपेपर्यंत आपल्या हातात चहा आलेला असे.

सर हळर्णचे, मी डिचोलीची. लोहखनिज कोणत्या ऊर्जेचे एक्स-किरण किती शोषते, याचा आलेख मी संगणकावर गणिताने काढत असे आणि प्रत्यक्ष मोजलेल्या आलेखाशी ताडून पाहत असे. मोजलेल्यात टेकड्या, माझ्यात नुसत्या सुया. सर हसत. "संगणकाक मरणाची खबर नाय गो बाय!" एक्स-किरणाने अणूच्या आतला इलेक्ट्रॉन उडवला की मागे पोकळी राहते आणि ती लगेच बुजते. जे इतके थोडे जगते त्याची ऊर्जा नेमकी ठरत नाही, म्हणून शिखर पसरते. त्यात यंत्राचा धूसरपणा. तेवढी रुंदी गणितात आपण घालायची. "पण मापान हां," सर बजावत. "चष्मो काढलो काय माका जो तो मेवणो दिसता." हे खरेच होते. कॅन्टीनमध्ये त्यांनी मेहुणा समजून कुलसचिवांच्या पाठीत 'काय रे मेवण्या' म्हणून थाप घातलेली मी पाहिली आहे.

सरांची निवृत्ती जवळ आली. त्याआधी माझा पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला नाही, तर त्यांची ही शेवटची विद्यार्थिनी दुसऱ्याच्या नावावर जाणार होती. आणि आलेख अडला होता. मोजलेल्यात एक शिखर, तिथे माझ्यात दोन.

एका दुपारी सरांनी स्वतःच रुंदी वाढवली. दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळली, आलेख तंतोतंत जुळला. सरांनी सगळ्यांना भाजी-पाव मागवला. अर्ध्या पावावरून ते उठले आणि रुंदी पुन्हा खाली आणली. "पोकळी इतकी अल्पायुषी नाय गो. तुझ्यासाठी मीच तिका मारलंय." दोन शिखरे पुन्हा उभी राहिली. म्हणजे गणितासाठी मी धरलेली खनिजातल्या अणूंची मांडणीच चुकीची होती, सगळे पहिल्यापासून करायला हवे होते. मी रडले. सरांनी माझाही पाव खाल्ला.

मांडणी सुधारून आलेख जुळेपर्यंत सर निवृत्त झाले होते. माझ्या तोंडी परीक्षेला ते हळर्णहून बसने आले आणि शेवटच्या बाकावर बसले. बाहेरगावच्या परीक्षकांनी मला विचारले, "इथली रुंदी इतकी कमी का?"

मी तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, "तितकीच आसा म्हणान!"

"आपण कोण?" परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले.

सर ओशाळून उभे राहिले. "कोणूय नाय. मी आपलो ऐकूक इलंय."

प्रबंधावर ज्यांचे नाव होते ते नवे मार्गदर्शक माझ्या शेजारीच बसले होते. तरीही मी म्हणाले, "हे माझे मार्गदर्शक."